कापेल तो शेवटी

त्या घरात आईने एकच कायदा केला होता आणि तोही कलिंगडापुरता. कलिंगड कापेल त्याने आपला तुकडा सगळ्यांत शेवटी घ्यायचा. आधी सर्वांत धाकट्याने निवडायचं, मग त्याच्याहून मोठ्याने, आणि सुरी ज्याच्या हातात असेल त्याने उरलेला तुकडा मुकाट्याने उचलायचा. कारण साधं होतं. तीन मुलं, एक फळ, आणि दुपारी आईचा डोळा लागू न देणारी भांडणं. कायदा झाला आणि भांडणं थांबली, कारण कापणाऱ्याला लबाडी करून काही मिळण्यासारखं उरलं नाही.

सुरी नेहमी दादाच्या हातात असायची. खरं तर तो तिघांत मधला. पण धाकटा त्याला दादा म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळेच म्हणू लागले, थोरली ताईसुद्धा. हुकूम सोडायची हौस त्याला उपजतच. तो कलिंगडावर शाळेची पट्टी ठेवायचा, एक डोळा मिटून नेम धरायचा आणि मग कापायचा. "बघा, सूतभर फरक नाही," असं तो म्हणेपर्यंत धाकट्याने मधला तुकडा पळवलेला असायचा. जाडी तिन्ही तुकड्यांची सारखी, पण मधल्यात गाभा जास्त असतो हे धाकट्याला पट्टीशिवायच कळायचं. मग ताई उचलायची, आणि दादाच्या वाट्याला बहुतेक वेळा देठाकडचा पांढरट तुकडा यायचा. तरी सुरी त्याने कधी सोडली नाही. तुकडा गेला तरी चालेल, पण कापणार मीच, असा त्याचा स्वभाव.

पुढे मुलं मोठी झाली, आई गेली. तो कायदा कोणी रद्द केला नाही आणि कोणी त्याची आठवणही काढली नाही.

आईच्या नावाची जमीन होती ती रस्त्यापासून ओढ्यापर्यंत लांबट पसरलेली. रस्त्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, विहीर, आणि विहिरीला लागून ताईचे गादीवाफे. ताई नवरा गेल्यावर माहेरी आली ती आईच्या आजारपणापुरती, असं सगळे म्हणत होते. आईचं आजारपण लांबलं, तोवर ताईने भाज्यांची रोपं करायला घेतली, आणि आई गेल्यावर तिला परत जा म्हणायला कोणी उरलं नव्हतं. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी. शेणखत चाळायचं, वाफ्याची पाठ हाताने सपाट करायची, बोटाने रेघा ओढून बी सोडायचं, वर पेंढा पसरायचा. कोंब दिसला की पेंढा काढायचा, पण तो संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. रोपं उपटायच्या आधी काही दिवस पाणी तोडायचं. लोक म्हणत, बाई केवढी कठोर, एवढ्याशा जिवांना तहानेलं ठेवते. ताई म्हणायची, "लाडात वाढलेलं रोप दुसऱ्याच्या शेतात गेलं की पहिल्याच दिवशी मान टाकतं. माझी रोपं नाही टाकत."

खरंच टाकत नसत. म्हणून अजून गिऱ्हाईक येत होतं, पूर्वीपेक्षा कमी असलं तरी. कमी होण्याचं कारण समोरच दिसत होतं. ज्यांनी रोपं न्यायची त्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली होती. डाव्या हाताच्या शेतात निळ्या पत्र्याचं एक प्रचंड गोदाम होतं. त्यात दिवसभर खोकी येत आणि खोकी जात. ते शेत ज्याचं होतं तो शेजारी आता त्याच्याच फाटकावर गणवेश घालून बसत असे. पूर्वी सगळे त्याला काका म्हणत. आता वॉचमन काका म्हणत. आपल्याच शेतात शिरणाऱ्या दुसऱ्यांची ओळखपत्रं तपासायची, हे काम तो इमानाने करत होता.

"काका, आज कोणाला अडवलंत?" ताई कुंपणावरून विचारायची.

"एका गाईला," काका म्हणायचा. "ओळखपत्र नव्हतं तिच्याकडे."

अशा एका सकाळी ताई मिरचीची रोपं उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळत होती, तेव्हा दादाची गाडी थांबली. दादा शहरातल्या एका कारखान्यात भांडारप्रमुख होता. त्याच्या पाठोपाठ आणखी एक माणूस उतरला. त्याला सगळा परिसर गॉगल म्हणून ओळखत होता. जमिनी जुळवून देणं हा त्याचा धंदा. गोदामवाल्यांसाठी त्याने बरीच शेतं जुळवली होती, आणि त्याचे डोळे अजून कोणी पाहिले नव्हते.

"ताई," दादाने बूट वाफ्यापासून लांब ठेवत विचारलं, "अजून किती दिवस मातीत हात घालणार आहेस?"

"हात धुता येतात," ताई म्हणाली.

"काकू, तुमचं वय आता आराम करायचं आहे," गॉगल मध्ये पडला.

"माझं वय तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दिसतंच की."

"एवढ्या काळ्या काचेतूनसुद्धा? नजर चांगली आहे हो तुमची."

दादाला हसू आलं होतं, पण त्याने ते गिळलं. मग त्याने समजावायला सुरुवात केली. तो वाईट माणूस नव्हता. ताईचे गुडघे दुखतात हे त्याला खरोखर ठाऊक होतं, शहरात त्याच्या घरी तिच्यासाठी एक खोली होईल असंही तो मनापासून म्हणत होता. फक्त त्याला वाटायचं की दुसऱ्याचं भलं कशात आहे ते दुसऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं. गोदामवाल्यांना आणखी एक मोठं आवार हवं होतं. रस्त्यालगतची एवढी एकच जागा उरली होती. आज हो म्हटलं तर मान राहील, उद्या कोणी विचारणार नाही.

"आणि विहीर?" ताईने विचारलं.

"विहिरीचं काय? बुजवतील. तिथेच तर फाटक येणार."

ताईने गोणपाटाची गाठ आवळली. ती विहीर आईने खोदून घेतली होती. पाणी लागेपर्यंत आईने कानातलं काढून ठेवलं होतं आणि पाणी लागल्यावरही परत घातलं नव्हतं, कारण तोवर ते कानातलं विकून विहिरीतच गेलं होतं, दगडांच्या रूपाने. पण हे ती गॉगलसमोर बोलणार नव्हती.

"मला विकायची नाही," ती म्हणाली.

"तुझी एकटीची आहे का?"

"नाही. तिघांची. म्हणून तर तुला माझ्याकडे यावं लागलं."

दादाचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे. मग वाटणी करू. तीन वाटे, सारखे. तुझ्या वाट्यात तू मिरची लाव नाहीतर डोंगर उभा कर. आमच्या वाट्यांचं आम्ही बघू."

त्याला वाटलं होतं की आता ती रडेल किंवा निदान भांडेल. ताईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली. "मोजणीदाराला बोलाव. वाटे कुठे पाडायचे ते कोण सांगणार?"

"मी. दुसरं कोण सांगणार?"

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "दुसरं कोण सांगणार!"

दोन दिवसांनी धाकटा टेंपो घेऊन आला. गोदामातली खोकी पोहोचवायचं काम तो करायचा, आणि परतीच्या वाटेवर ताईची रोपं गिऱ्हाइकांकडे टाकायचा. हा माणूस म्हणजे कायम तळ्यात मळ्यात. कोणाशी वाकडं नाही, कोणाच्या बाजूने उभं राहणंही नाही. आज मात्र तो टेंपोतून उतरून उगाच टायरवर लाथा मारत राहिला.

"हवा बरोबर आहे," ताई म्हणाली. "बोल आता."

"दादाने आडवे वाटे पाडायचं ठरवलंय," तो म्हणाला. "रस्त्याकडचा पुढचा त्याचा. मधला माझा. ओढ्याकडचा मागचा तुझा. क्षेत्र तिन्हींचं अगदी सारखं."

ताईने मान वळवून मागे पाहिलं. ओढ्याकडचा तुकडा दुरूनही वेगळा दिसायचा, गडद हिरवा. लव्हाळ्याचा हिरवा. तिथे निम्मं वर्ष पाणी साचायचं.

"तिथे मी काय लावू?"

"बेडकांची रोपं कर," धाकटा म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसून लगेच ओशाळला. "मी आपलं म्हटलं. तुझ्यासाठी पायवाट ठेवणार आहे तो. कडेकडेने."

"टेंपो जाईल एवढी?"

"नाही. माणूस जाईल एवढी."

म्हणजे रोपांची गाठोडी डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायची, आणि पाण्याला विहीरही नाही. ताईला सगळं समजलं. हाकलायचं नाही, फक्त तिला स्वतःहून उठावं लागेल एवढी सोय करायची. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा दादाचा स्वभाव नव्हता. हे गॉगलच्या डोक्यातून आलं असणार. पण खुंट्या मारणारा हात दादाचाच होता.

"आणि तू काय म्हणालास त्याला?"

"मी काय म्हणणार? दादा बोलतो तेव्हा ऐकायचं, तू बोलतेस तेव्हा ऐकायचं. देवाने कान दोन दिलेत ते उगाच नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "गॉगल म्हणतोय, व्यवहार झाला की दुसरा टेंपो घेऊन देतो. ड्रायव्हर ठेव म्हणतो आणि तू मालक हो."

"चांगलं आहे."

"तू रागावत नाहीस?"

"तुझ्यावर कशाला?"

"भांडणार नाहीस?"

"भांडणार आहे की. पण त्या दिवशी, आणि ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी. ही वांगी वळणावरच्या शेतात टाक, आणि त्याला सांग, लावल्यावर पहिलं पाणी भरपूर दे. तहानलेली आहेत."

धाकटा गेला. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तोंड करून गेला.

ताई वाफ्याशी बसून राहिली. तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती आणि एक अजिबात नाही. दादा सुरी हातात घेणार हे पक्कं. त्यानंतर आधी कोण निवडणार हेही आईने ठरवून ठेवलं होतं, आणि तिथेच सगळं अडत होतं. कायदा काढायचा तर पुरा काढायला हवा. आपल्या सोयीचं अर्धं वाक्य घ्यायचं आणि उरलेलं गिळायचं, मग दादात आणि आपल्यात फरक काय? धाकट्याने पुढचा तुकडा घेतला आणि गॉगलला दिला तर विहीर गेली, घर गेलं, वाफे गेले. त्याला आधी सांगून ठेवावं, हात धरून विनवावं, असंही तिला एकदा वाटलं. मग वाटलं, विनवून घेतलेला तुकडा रोज घशात अडकेल. ती उठली आणि कोबीच्या वाफ्याला पाणी द्यायला गेली.

मोजणीचा दिवस उजाडला. मोजणीदार तिपाईवर आपलं यंत्र ठेवून एका डोळ्याने जग पाहत उभा होता. त्याला या घराशी काही देणंघेणं नव्हतं. ऊन चढायच्या आत संपवायचं होतं. दादा लाल रंग दिलेल्या खुंट्या काखोटीला मारून आला होता. गॉगल सावलीत होता. शेजारचा हद्ददार साक्षीला लागतो म्हणून गोदामाच्या वतीने वॉचमन काकाला बोलावलं होतं. तो गणवेशातच आला, फक्त टोपी काढून. धाकट्याने टेंपो रस्त्यावर लावला होता आणि तो त्याच्या सावलीत बसला होता, ना आत ना बाहेर.

"कुठे मारू?" मोजणीदाराने विचारलं.

"इथे," दादा म्हणाला. "नाही, थांबा. सूतभर अलीकडे."

मग त्याला राहवेना. त्याने मोजणीदाराच्या माणसाच्या हातून हातोडा घेतला, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच खुंट्या ठोकायला लागला. प्रत्येक खुंटीपाशी वाकून, एक डोळा मिटून ओळ बघत होता. ताई वाफ्याच्या कडेला उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर पट्टी आणि कलिंगड आलं. त्याचा घामेजलेला मानेचा मागचा भाग अगदी तसाच दिसत होता, आणि क्षणभर तिला त्याच्याबद्दल माया दाटून आली. पण तिने त्याला थांबवलं नाही. आडवी ओळ एक, आडवी ओळ दोन. मग कडेची पायवाट. ती मोजताना दादाने स्वतः दोन पावलं चालून पाहिलं, डोक्यावर पाटी धरल्यासारखे हात करून, आणि म्हणाला, "बास. माणूस आणि पाटी. एवढी पुरे."

शेवटची खुंटी ठोकून तो सरळ झाला. "बघा काका," तो अभिमानाने म्हणाला, "तीन वाटे. यंत्राने तपासून घ्या. कोणताही कोणालाही द्या, तक्रारीला जागा नाही."

"छान कापलंस," काका म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द सहज गेला की मुद्दाम, हे ताईला पुढेही कधी कळलं नाही.

मोजणीदाराने नकाशा फळीवर पसरला आणि पेन उघडलं. "कोणता वाटा कोणाच्या नावाने लिहू?"

"पुढचा माझ्या," दादा म्हणाला. "मधला..."

"थांबा," ताई म्हणाली. "अजून निवड झाली नाही."

"कसली निवड?"

"कापलं कोणी?"

दादाने हातातल्या हातोड्याकडे पाहिलं. तेवढ्यात वॉचमन काका जोरात हसला. "अरे देवा! कापेल तो शेवटी! एकदा सुरी माझी होती म्हणून तुमच्या आईने मलाही शेवटचा तुकडा दिला होता. पाहुणा असून!"

"हे कलिंगड नाही, ताई," दादा दात आवळून म्हणाला.

"नाही. कलिंगड संपतं."

"लहानपणीचा पोरखेळ तू इथे, मोजणीदारासमोर..."

"पोरखेळ असेल. पण आईने या घरात दुसरा कायदा केला नाही, आणि तो तू कधी मोडला नाहीस. देठाकडचा तुकडा खाल्लास, पण मोडला नाहीस. आज का मोडतोस?"

गॉगल सावलीतून घाईघाईने पुढे आला. "अहो, असं कसं चालेल? पुढच्या तुकड्याशिवाय व्यवहारच होत नाही! मागचं घेऊन आमची कंपनी करणार काय?"

"अस्सं?" ताई त्याच्याकडे वळली. "म्हणजे वाटे सारखे नाहीत तर?"

"सारखे नसतील तर पुन्हा मोजा," काका म्हणाला. "मला वेळ आहे. गाय काही पळून जात नाही."

"पुन्हा कशाला?" दादा ओरडला. "सारखेच आहेत! मी स्वतः मोजलेत! सूतभर फरक नाही!"

बोलून गेला आणि मगच त्याला कळलं की आपण काय बोललो. गॉगलने कपाळावर हात मारला. मोजणीदाराने पेन बंद केलं, उघडलं आणि विचारलं, "मग आधी कोण?"

"मी सही करणार नाही," दादा म्हणाला.

"नको करूस," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण टेंपोच्या सावलीत बसलेला धाकटा उठून उभा राहिला. "मग वाटणी नाही. तिघांची जमीन तिघांची राहील, आणि माझ्या सहीशिवाय यांना ढेकूळसुद्धा मिळणार नाही. कोर्टात जायचं असेल तर जा. तिथे निकाल लागेपर्यंत मिरची लागत राहील. मला मागे लव्हाळ्यात नेऊन बसवायचं आणि मी कंटाळून उठायची वाट बघायची, एवढंच तुम्ही ठरवलंत ना? मी उठणार नाही, दादा. गुडघे दुखतात म्हणून मी बसूनच काम करते. बसलेल्या माणसाला उठवणं फार कठीण असतं."

मग ती टेंपोकडे वळली.

"आता धाकट्या," ती म्हणाली, "तू आधी."

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. "मी?"

"कायदा तसाच आहे. धाकटा आधी, मग मी, मग कापणारा."

"पण ताई, मी जर..."

"तू जर काय ते तुझं तू बघ. मी काही सांगणार नाही."

गॉगलचा चेहरा उजळला. त्याने धाकट्याकडे बघून हळूच दोन बोटं वर केली: दोन टेंपो. धाकट्याने ती पाहिली. तो फाटकातून आत आला, पुढच्या तुकड्यात, विहिरीपाशी गेला आणि तिच्या कठड्यावर बसला. आत डोकावून पाहिलं. एक खडा टाकला. तो पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ताईला बघवेना. ती वाफ्याशी वाकली आणि तण उपटू लागली. एक उपटलं, दुसरं उपटलं, आणि हातात पाहिलं तर ते मिरचीचं रोप होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिने ते परत मातीत खोचलं आणि अंगठ्याने मुळाशी दाबलं.

"मधला," धाकटा म्हणाला.

"काय?"

"मधला तुकडा माझा. मधला मी कधी सोडलाय का?"

"अरे गाढवा!" दादाचा संयम सुटला. "मधल्याला रस्ता नाही, विहीर नाही! काय करणार आहेस त्याचं?"

धाकटा कठड्यावरून उतरला. बराच वेळ तो दादाकडे पाहत राहिला, पहिल्यांदाच हिशेब मांडल्यासारखा.

"मग मला का देत होतास?" त्याने विचारलं.

ओढ्याकडून वारा आला आणि नकाशाचा कागद फडफडला. मोजणीदाराने त्यावर ढेकूळ ठेवलं.  गॉगलने दोन बोटं खिशात घातली.

"पुढचा," ताई म्हणाली. "माझ्या नावाने लिहा. विहिरीसकट. धाकट्या, पाणी तुला पाळीने देईन."

"भांडलो तरी?"

"भांडलो तरी. पाळी आली की पाणी."

मोजणीदाराने लिहिलं. मग त्याने पेन दादापुढे धरलं. दादा ते घेईना. त्याची नजर खुंट्यांच्या ओळींवरून मागे, ओढ्याकडे गेली. ओळी सरळ होत्या. खरोखर सूतभर फरक नव्हता. एवढ्या सरळ ओळींना आपणच वाकडं म्हणायचं, हे त्याच्याने होईना. त्याने पेन ओढून घेतलं आणि अशी सही केली की कागद शेवटच्या अक्षरापाशी फाटला.

"आयुष्यभर लक्षात ठेवीन मी हे," तो म्हणाला.

"ठेव," ताई म्हणाली. "मीही ठेवणार आहे."

गॉगल गाडीत जाऊन बसला होता. दादा मात्र आपला तुकडा बघायला निघाला, पायवाटेने, कारण दुसरी वाट नव्हती. सगळे बघत राहिले. दोन्ही बाजूंच्या खुंट्या त्याच्या पँटला लागत होत्या. ओढ्याशी पोहोचल्यावर त्याचा एक बूट चिखलात रुतला. तो काढायला वाकला तर दुसरा रुतला.  परत आला तेव्हा बूट हातात होते.

"या एवढ्याशा वाटेने मी जाऊ?" त्याने विचारलं. आवाजात अजून धार होती, पण खाली कुठेतरी तो लहानपणचा, पांढरट तुकडा हातात घेतलेला दादा होता.

"वाट तूच मोजलीस," ताई म्हणाली. "माणूस आणि पाटी. एवढी पुरे, म्हणालास."

"ती..." तो थांबला. ती तुझ्यासाठी होती, हे वाक्य त्याच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलं. सगळ्यांना ते ऐकू आल्यासारखंच झालं.

ताईने त्याला ते वाक्य पुरतं पचू दिलं. घाई केली नाही. मग तिने हातोडा उचलला, पायवाटेच्या खुंट्यांपाशी गेली आणि पहिली खुंटी डावी-उजवीकडे हलवून उपटून काढली.

"मागे चर खणलास तर पाणी उतरेल," ती म्हणाली. "लव्हाळा जातो. मग काय हवं ते लाव. पण लावायचं तर अवजार न्यावं लागेल, माल आणावा लागेल. डोक्यावर पाटी घेऊन तुला जमायचं नाही, आणि मी कोणाला तसं चालायला लावणार नाही. मोजणीदार, थांबा जरा, वाट पुन्हा लिहायची आहे. धाकट्या, टेंपो आण."

"आत?"

"आत. त्या वाटेवरून मागपर्यंत ने. टेंपो जातो तेवढी वाट कायमची. माझ्या तुकड्यातून जागा मी देते, मधल्यातून तू दे."

गाडीची काच खाली झाली. गॉगलने मान बाहेर काढली. "काकू, देताच आहात तर जरा सढळ हाताने द्या. थोडी आणखी रुंद केलीत तर पुढेमागे ट्रकसुद्धा..."

"म्हणून तर टेंपोने मोजते आहे," ताई म्हणाली.

धाकट्याने टेंपो सुरू केला, रस्त्यावरून वळवला आणि फाटकातून हळूहळू आत घेतला. वॉचमन काका सवयीने पुढे होऊन हात दाखवू लागला: ये, ये, अजून ये, थांब. टेंपो वाफ्यांच्या कडेला येऊन थांबला. ताई एका बाजूला खुंटी धरून उभी राहिली, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, दादाने बूट खाली ठेवले आणि दुसऱ्या बाजूची खुंटी उचलली.

धाकट्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आरसे उघडे धरून मोजायचं की मिटून?"

"उघडे," दादा म्हणाला.

ताईने टेंपोकडे पाहिलं, गॉगलच्या गाडीकडे पाहिलं, आणि तिच्या पायाशी वाफ्याच्या कडेला, नुकत्याच परत खोचलेल्या त्या रोपाकडे पाहिलं. त्याने मान टाकली नव्हती.

"मिटून," ती म्हणाली, आणि पहिली खुंटी तिने स्वतः ठोकली.